बोल्ट ज्याच्या खिशात

१

गुरुपाद हुक्केरी म्हणजे नियमाचा किडा. शिरोलीला त्याची फाउंड्री होती. तिथं एखाद्या कामगाराच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली तरी हा ओतकाम थांबवायचा. रिकाम्या गल्लीत वळतानासुद्धा हात दाखवायचा. मित्र म्हणायचे, हा मेला तर यमाकडं आधी रीतसर नोटीस मागंल. असल्या माणसाला रायफलीचा नाद कुठनं लागला, देव जाणे. घर लिंगायताचं. अंडं शिजायची बात सोडा, त्याच्या अव्वासमोर, म्हणजे आईसमोर, कुणी झुरळ मारलं तर ती दिवसभर तोंड फिरवून बसायची. आणि ह्या पठ्ठ्यानं परवाना काढून तीनशे पंधरा बोअरची रायफल घरात आणली.

आणली ती शिवाजी पेठेतल्या बायडाबाईंकडून. त्यांचे मालक जुने शिकारी, वारले होते. सगळं हस्तांतर कायद्यानं झालं. रायफल हातात देताना बायडाबाई म्हणाल्या, "खंडेनवमीला आमच्यात हिला बोकड असतोय. तेवढं चुकवू नगासा."

गुरुपाद हसला. "आमच्यात कोहळा असतोय, मावशी."

"कोहळ्यात काय असतंय वो?" बाईंनी विचारलं. चेष्टा म्हणून नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं.

तर दर खंडेनवमीला अव्वा, म्हणजे शांतादेवी, रायफलीपुढं कोहळा ठेवायची, त्याला कुंकू लावायची आणि गुरुपाद तो कापायचा. रायफल तशी नुसती शोभेचीच होती. कधीतरी रेंजवर जाऊन पुठ्ठ्यावर चार बार काढायचे, तेल घालायचं, गुंडाळून कपाटात. रक्त म्हणून तिनं त्या घरात पाहिलं नव्हतं. त्या साली विधानसभेची निवडणूक लागली, सगळ्यांची हत्यारं ठाण्यात जमा झाली, आणि खंडेनवमीला रायफल ठाण्याच्या कोठडीत पडून राहिली. कोहळासुद्धा चुकला. ती घरी आली दिवाळीनंतर.

तेवढ्यात तात्यासो पाटलांचा फोन आला. तात्यासो गुरुपादच्या वडलांचे स्नेही, जैन, कापशीच्या पुढं डोंगराकडेला त्यांचं शिवार. रानडुकरांनी ऊस आणि शाळू लोळवला होता. वनखात्याची परवानगी त्यांनी आपल्या नावावर काढली होती. पण 'मारा' हा शब्द त्या माणसाच्या तोंडातनं निघेना. "तेवढं त्यांचं काय ते बघून जावा," एवढंच म्हणाले. परवानगी जैनाची, रायफल लिंगायताची. पाप कुणाच्या पदरात पडायचं ते कुणीच बोललं नाही.

२

रायफल न्यायची गुरुपादची एक पद्धत होती. कायदा म्हणतो, हत्यार रिकामं असावं, कव्हरमध्ये असावं, परवाना जवळ असावा. गुरुपादचं तेवढ्यावर भागत नसे. रायफलीच्या मागं एक लोखंडी खिट्टा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. तो मागं ओढून पुढं ढकलला की काडतूस नळीत बसतं. तो काढून घेतला की रायफल म्हणजे नुसता पाइप. गुरुपाद रायफल जीपच्या मागच्या भागात खाली बांधायचा, काडतुसं कुलपाच्या डब्यात घालून आपल्या सीटखाली ठेवायचा, आणि बोल्ट द्यायचा दुसऱ्या माणसाच्या खिशात. परवाना ज्याच्या नावचा, बोल्ट त्याच्याकडं नाही. एकट्या माणसाला रागाच्या भरात बार काढता येऊ नये, हे त्याचं शहाणपण.

दुसरा माणूस म्हणजे कायम धाकटा भाऊ वीरेश. नाव वीराचं, काम बडबडीचं. सगळ्या घराचा लाडका. माघात त्याचं लग्न होतं, संकेश्वरची विद्याश्री, त्यामुळं मोबाइल कानाचा सुटत नव्हता.

निघताना अव्वा दारात आडवी आली. "लग्न ठरलेल्या पोरानं हत्याराला शिवू न्हाय, गुरु."

"शिवत न्हाई तो. नुसता बोल्ट खिशात ठेवतोय."

"मग जसा नेतोयस तसा आणून दे मला," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

जीप सकाळच्या उन्हात कागलच्या रोखानं निघाली. सरळ हायवेनं निपाणी, संकेश्वर करून गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचता येतं. पण निपाणी लागली की कर्नाटक लागतं, आणि गुरुपादचा परवाना महाराष्ट्रापुरता. म्हणून तो कागलातनं निढोरी, मुरगूड, कापशी असा आडरस्ता धरणार होता.

"अण्णा, सासुरवाडीत चहा पिऊन गेलो असतो की," वीरेश म्हणाला. "हद्दीवर काय लक्ष्मणरेषा हाय व्हय?"

"हत्यार घेऊन हद्द ओलांडली की आत. मग लग्न जेलात कर."

वीरेश हसला, शर्टाच्या खिशातल्या बोल्टवर त्यानं थाप मारली. त्याच वेळी मागं आवाज झाला. खट. थोडं थांबून, खटाक.

गुरुपादचा जन्म लोखंडात गेला होता. बादली पडली, पाना पडला, जॅकचा दांडा सरकला, हे त्याला कानानं कळायचं. हा आवाज तेल घातलेल्या लोखंडात लोखंड सरकून बसल्याचा होता. त्यानं वीरेशच्या खिशाकडं पाहिलं. बोल्टची वाटोळी मूठ कापडातनं वर आलेली दिसत होती.

जॅकचाच असणार, त्यानं स्वतःला सांगितलं.

३

कागलच्या नाक्यावर तपासणी चालू होती. गुरुपादला तपासणीत सुखच वाटायचं. परवाना, वनखात्याची परवानगी, ठाण्याला दिलेल्या पत्राची पोच, सगळं त्यानं हवालदाराच्या हातात दिलं. हवालदार पिकल्या मिशांचा, सावकाश वाचणारा. कागद परत देऊन तो जीपच्या मागं गेला, वाकला आणि म्हणाला, "पावणं, इतकं कायदेशीर आणि हत्यार असं ठेवत्यात व्हय? नळी माणसाच्या पाठीकडं?"

गुरुपाद उतरून मागं आला. घरात त्यानं स्वतः नळीचं निमुळतं टोक मागच्या दाराकडं केलं होतं, दस्ता पुढं. सुतळीनं बाकाच्या पायाला दोन्हीकडं बांधलं होतं. आता दस्ता दाराकडं होता. निमुळतं टोक पुढं, डाव्या सीटकडं, जिथं वीरेश बसला होता. सुतळीच्या गाठी जशाच्या तशा होत्या. त्याच्याच हातच्या, दोनदा फिरवून मारलेल्या.

"वीरेश, तू हात लावलास?"

"मी कुठं हललोय जाग्यावरनं?"

हवालदारानं कव्हरची चेन उघडायला सांगितली, नळीशी नाक नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कधी उडवलीसा?"

"ठाण्यातनं आणल्यापास्नं एकदाबी न्हाई."

"वास तर ताज्या बाराचा येतोय." मग त्याला बोल्ट नसलेली मोकळी खाच दिसली. तो स्वतःशीच हसला. "असू दे. तेलाचा असंल. जावा."

गुरुपादनं गाठी सोडल्या, रायफल फिरवून घेतली, परत बांधली. या वेळी तीनदा फिरवून. घरातच उलटी ठेवली असणार आपण. सकाळची गडबड, अव्वाचं मधे बोलणं. एवढं झालं की माणूस चुकतो. पण आपण चुकतो हे त्याला पटत नव्हतं, आणि न पटल्यानं तो जास्तच चिडला.

"तू चालव," त्यानं वीरेशला सांगितलं आणि स्वतः डावीकडं बसला. कारण त्यानं स्वतःला असं दिलं की कंबर धरलीय.

निढोरीपर्यंत वीरेश लग्नातल्या बँडबद्दल बोलत होता. गुरुपाद ऐकत नव्हता. तो मागच्या आवाजाची वाट बघत होता. आवाज दोनदा आला. वीरेशनं मान वळवली नाही, बोलणं तोडलं नाही. त्याला ऐकूच येत नव्हतं.

वेदगंगेच्या पुलाच्या अलीकडं लघवीला म्हणून गुरुपादनं गाडी थांबवायला लावली. आणि मागं जाऊन बघितलं.

नळीचं टोक पुढं होतं. उजवीकडं, ड्रायव्हरच्या सीटकडं. गाठी तीन-तीन वेढ्यांच्या, घट्ट.

४

नदीला पाणी होतं, उसाच्या पट्ट्यातनं हिरवं, सुस्त वाहणारं. गुरुपाद कठड्याला टेकून उभा राहिला आणि त्यानं डोकं चालवलं. डोकं चालवणं एवढं एक त्याला येत होतं. वीरेश डावीकडं होता तेव्हा नळी डावीकडं. वीरेश उजवीकडं आला, नळी उजवीकडं. म्हणजे एक तर वीरेश. नाहीतर वीरेशच्या खिशात जे आहे ते.

"बोल्ट बघू जरा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"दे म्हणतोय न्हवं."

बोल्ट हातात आला आणि गुरुपाद दचकला. तो गरम होता. खिशातल्या वस्तूला अंगाची ऊब लागते, तेवढी नव्हे. रेंजवर चार बार काढल्यावर असतो तसा गरम. वीरेश छाती खाजवत होता, शर्टावर त्या जागी घामाचा गोल डाग पडला होता. पोराला काहीच कळत नव्हतं. गुरुपादला त्याची माया आली. लहानपणी ह्याला पाठुंगळी घेऊन रंकाळ्यावर फिरवला होता. त्यानं बोल्ट आपल्या खिशात टाकला आणि म्हणाला, "आता माझ्याकडं असू दे. मी चालवतो."

त्या क्षणी तो खरा मोठा भाऊ होता. तेवढ्या त्या क्षणी.

पूल ओलांडून थोडं पुढं गेल्यावर मानेवर थंड लागायला लागलं. काचा बंद होत्या. केसांच्या खाली, मणका सुरू होतो तिथं, पैशाएवढ्या जागेवर. त्यानं मान डावीकडं केली, थंडी मानेबरोबर आली. खाली वाकला, तीही वाकली. मागं खट झालं. त्यानं आरशात पाहिलं. कव्हरचं निमुळतं टोक सीटच्या पाठीच्या वर आलं होतं, अगदी थोडं, आणि ते त्याच्याकडं होतं.

गुरुपादला भीती वाटली. साधी, नागडी भीती. तिच्यात अव्वा नव्हती, वीरेश नव्हता, घरातली दोन लेकरंसुद्धा नव्हती. फक्त स्वतःची मान होती. आपल्याला असलं काही वाटू शकतं याची त्याला लाज वाटली, पण भीती लाजेला पुरून उरली.

फेकून का दिला नाही, असं कुणीही विचारंल. त्यानं तोही विचार केला. खिडकी उघडायची आणि उसात भिरकावायचा. पण बोल्टवर नंबर असतो. नंबर परवान्यावर असतो. हत्याराचा भाग गहाळ म्हणजे ठाण्यात जबाब, चौकशी, परवाना रद्द, वर गुन्हा. आयुष्यात एकदाही सिग्नल न मोडलेला हुक्केरी हवालदारापुढं उभा राहून सांगणार काय, की रायफल माझ्याकडं बघत होती? बोल्ट डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून बघितला, तर वीरेशनं कप्पा उघडून लगेच बाहेर काढला. "खडखड वाजतोय, अण्णा. आण, मी ठेवतो." गुरुपादनं तो हिसकून परत घेतला. वीरेश खुळ्यागत बघत राहिला.

कुणाकडं तरी असायलाच पाहिजे, एवढं त्याला कळलं. कापशी येईपर्यंत दुसरा कुठला विचार त्याच्या डोक्यात आला नाही.

५

कापशीच्या स्टँडवर तात्यासोंचा गडी उभा होता. नाव पिराजी. शिवाराची वाट गाडीवाल्याला सापडत नाही, म्हणून तात्यासोंनी त्याला पाठवलं होतं. धुतलेला सदरा, डोक्याला टापर, हातात बायकोनं दिलेली भाकरीची फडकी. पन्नाशीचा असंल. दोन्ही हात जोडून म्हणाला, "या पावणं. मालकांनी सकाळधरनं तीनदा इचारलंय."

तो मागं चढला, रायफलीच्या कडेनं पाय आखडून बाकावर बसला. "हीच व्हय ती?" त्यानं विचारलं. "आमी नुसती कुदळ आन् कुऱ्हाड बघितली हाय."

गुरुपाद मागं वळला. पुढं जे केलं ते त्यानं हसून केलं, हे त्याला पुढं कधीच विसरता आलं नाही.

"पिराजी, एक काम करशील? रायफलीचा हा मेन पार्ट हाय. ह्याच्याशिवाय ती चालत न्हाई. कायदा असा हाय की हा विश्वासाच्या माणसाकडं द्यायचा. तुझ्याकडं ठेव."

"माझ्याकडं?" पिराजीनं हात सदऱ्याला पुसले आणि मग पुढं केले. "मालक मला बैलं देत्यात, पन असली चीज कुनी दिली न्हवती बगा." त्यानं बोल्ट कपाळाला लावला. लावतोय न लावतोय तोवर खिशात घातला.

"अण्णा, त्याला कशाला?" वीरेश हळूच म्हणाला. "आपला नियम..."

"गप बस," गुरुपाद म्हणाला.

मानेवरची थंडी गेली. जीप सुरू करताना तिची चावीसुद्धा हलकी वाटली. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोला, त्याला भूकसुद्धा लागली. आरशात बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि दोन वळणं पाळलंही.

पिराजी बोलत होता. शालूबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, गुडघ्याचं दुखणं. मुलीला दिलंय ती मुरगुडातच. दुपारी परत जाताना पावण्यांनी घरला यावं, ताक तरी घ्यावं, शालू वाट बघतीया. मग म्हणाला, "लई गरम लागतंय वो हे. छातीला भाजतंय."

"लोखंड हाय. उनाचं तापतंय," गुरुपाद म्हणाला.

"तसंच असंल," पिराजी म्हणाला आणि त्यानं खिशावर हात धरून बोल्ट आणखी नीट सांभाळला.

तेव्हा गुरुपादनं आरशात पाहिलं. रायफल आडवी झाली होती. सुतळी ताणून बाकाखालून तिरकी फिरलेली, निमुळतं टोक पिराजीच्या बरगड्यांपासून वितीवर. पिराजीनं पाय जरा बाजूला घेतले, आणि सामानाला जागा करून दिली.

अजून सांगता येत होतं. गाडी थांबवून, तो पार्ट टाक खाली, एवढंच म्हणायचं होतं. वीरेश शेजारी बसून विद्याश्रीला फोन लावत होता, रेंज मिळत नव्हती. गुरुपादनं गिअर बदलला.

६

शिवाराच्या तोंडाला काटेरी तारेचं फाटक होतं. लांबवर आंब्याखाली पांढऱ्या टोपीतले तात्यासो उभे दिसत होते, हात वर करून हाक देणारे. पिराजी उडी मारून उतरला आणि फाटक उघडायला जीपच्या पुढं गेला. आता तो काचेपलीकडं होता, पाठमोरा, तारेचा आकडा सोडवत.

गुरुपादच्या डाव्या कोपराला काहीतरी लागलं. थंड, जाड कापड. कव्हरचं टोक दोन सीटांच्या मधून पुढं आलं होतं, त्याच्या आणि वीरेशच्या मधनं, आणि सरळ काचेकडं होतं. वीरेश मोबाइल खिडकीबाहेर धरून रेंज शोधत होता, त्याचं तोंड पलीकडं. गुरुपादनं वळून मागं पाहिलं. वळायला नको होतं.

मागं कुणी नव्हतं. सुतळ्या तशाच, गाठी तशाच. कव्हर मात्र जमिनीपासून वर उचललं गेलं होतं, आणि दस्त्याच्या टोकाशी कॅनव्हासवर खळगा पडला होता. खांद्याला दाबून धरल्यावर पडतो तसा. त्याच्या थोडं वर, गाल टेकतो त्या जागी, दुसरा. तो दुसरा खळगा हळूहळू खोल होत होता. नेम धरताना माणूस श्वास आवरून गाल टेकवतो, तसा.

गुरुपादचा हात हॉर्नवर होता. दाबला असता तर पिराजी दचकून बाजूला झाला असता. कदाचित झाला असता. पण पिराजी वाचला तर बोल्ट परत कुणाकडं येईल आणि नळी कुठं वळेल, हे गुरुपादनं बघितलं. सरळ हिशेब होता. शेजारी वीरेश होता, आणि तो स्वतः होता. त्यानं हात हॉर्नवरनं उचलून मांडीवर ठेवला.

खटाक. या वेळी आवाज पूर्ण बसला.

बार झाला नाही. पाखरं उडाली नाहीत. पिराजी तारेचा आकडा हातात धरून खाली बसला, कामाला दमलेला माणूस बसतो तसा, आणि मग एका कुशीवर कलंडला.

"कसला वास येतोय, अण्णा?" वीरेशनं तोंड आत घेतलं. मग त्याला पिराजी दिसला आणि तो दार उघडून पळाला.

कापशीतल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली आणि मान हलवली. हार्ट अटॅक. ह्या वयात, उन्हात, काय सांगता येतं. सदऱ्याच्या गुंड्या त्यांनी काढल्या तेव्हा डाव्या बाजूला, खिशाच्या बरोबर खाली, पैशाएवढा काळानिळा डाग होता. कातडी कुठं फाटलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, पडताना दगड लागला असणार. गुरुपाद म्हणाला, "तसंच असंल."

७

त्या दिवशी कुणी डुकरं बघायला गेलं नाही. तात्यासो पिराजीच्या अंगणात भिंतीला टेकून बसले होते. ते गुरुपादला म्हणाले, "माझ्याच पायी झालं. मी हिंसेचा कागद काढला, आणि देवानं माझंच माणूस नेलं."

"तसं म्हणू नका, काका," गुरुपाद म्हणाला. त्याचा आवाज नीट निघाला. त्याला त्याचंच आश्चर्य वाटलं.

शालूबाईचा गुडघा खरंच वाईट होता, तिला उठता येत नव्हतं. गुरुपाद पुढं गेला तेव्हा तिनं त्याच्या पायाला हात लावला. "तुमी गाडीतनं नेलंसा म्हनून दवाखाना तरी बघितला त्येनं," ती म्हणाली. "न्हायतर शेतातच पडला असता. लई उपकार झालं." मग पदराला तोंड पुसून म्हणाली, "जेवन न करता जाऊ नगासा. त्येनं मला सांगितलंतं."

ताक पितळी तांब्यात होतं. गुरुपाद ते सगळं प्याला, कारण नाही म्हणता आलं नाही. बाहेर तिरडीचे बांबू आले होते. वीरेश रडत होता, मोकळेपणानं, सकाळपर्यंत तोंडसुद्धा न बघितलेल्या माणसासाठी. तो तसाच होता लहानपणापासून.

ऊन कलायच्या आत दोघे परत निघाले. गुरुपाद चालवत होता. मुरगूड मागं पडलं. मागं सगळं शांत होतं. गुरुपाद मनाशी म्हणत होता, संपलं. मिळालं तिला काय पाहिजे होतं ते. उद्या सकाळी पहिलं काम, रायफल ठाण्यात जमा, परवाना परत, सगळं कायद्यानं. पिराजीच्या सदऱ्यात बोल्ट राहिला असंल तर राहू दे, चितेबरोबर जाईल. ह्या एका गोष्टीला तोसुद्धा तयार होता. नंबर गहाळ झाला तर झाला.

वेदगंगेचा पूल लागला तेव्हा मागं आवाज झाला. खट.

गुरुपादनं मानेला हात लावला. मान कोमट होती. मग आरशात बघितलं, आणि कव्हरचं टोक कुठं आहे ते त्याला दिसलं. डावीकडं.

"तुला सांगायचं राहिलं, अण्णा," वीरेश रडून बसलेल्या आवाजात म्हणाला. "त्याला उचलताना बोल्ट खिशातनं काढून घेतला मी. तुझा परवान्याचा घोळ नको. हे बघ, हाय माझ्याकडं." त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "तू त्याला दिलास तेव्हा मला राग आलता खरं. आता वाटतंय, बरं केलंस. किती खूश झालता तो."

खाली नदी होती. जीप पुलाच्या मधोमध आली होती. थांब म्हणायला, हात पुढं करायला, तो माझ्याकडं दे म्हणायला लागतो तेवढा वेळ होता. शब्द घशापर्यंत आले. त्याबरोबर मानेच्या मागं, केसांच्या खाली, ती पैशाएवढी थंड जागा त्याला आठवली, आणि शब्द तिथंच राहिले. पूल मागं पडला. उसाच्या ओळी सुरू झाल्या.

वीरेश छाती खाजवत होता. "लई तापलाय, न्हवं?"

"लोखंड हाय," गुरुपाद म्हणाला. रस्त्यावरची नजर त्यानं काढली नाही. "खिशाचं बटण लाव. खड्डे हायत, पडंल."